सुताच्या मोलाचा शोध : आचार्य विनोबा भावे

बेंगळुरूच्या कुमारा पार्क भागात ‘वल्लभ निकेतन’ नावाचा एक आश्रम आहे. आचार्य विनोबा भावे यांच्या प्रेरणेने भारतात जे सहा आश्रम उभे राहिले, त्यांपैकी दक्षिणेतील हा एक. विनोबांचे नाव उच्चारताच भूदानाची पदयात्रा, ‘गीताई’ आणि ‘गीता प्रवचने’ मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु या तिहींच्या आधीपासून त्यांच्या हाताला एक निराळे काम जडलेले होते. कापूस पिंजावा, पेळू करावे, सूत कातावे आणि त्या सुताचे कापड विणावे, या कामाला त्यांनी उमेदीची अनेक वर्षे दिली. घरगुती हस्तव्यवसाय म्हणून ते शिकले, उपजीविका म्हणून जगून पाहिले आणि शिक्षणाचे साधन म्हणून त्याची शास्त्रशुद्ध मांडणी केली. त्यांच्या चरित्राचा हा धागा जितका महत्त्वाचा, तितकाच तो आज विस्मरणात गेलेला आहे.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यातल्या गागोदे या गावी झाला. आजोबा शंभुराव हे धर्मनिष्ठ आणि तितकेच उदार वृत्तीचे गृहस्थ होते. आई रुक्मिणीबाई कर्नाटकातल्या. मराठी संतांच्या अभंगांबरोबर कन्नड भक्तिपदेही त्यांच्या ओठी असत, त्यामुळे कन्नड भाषेचा नाद विनायकाच्या कानांवर अगदी बालपणीच पडला. वडील नरहरपंत बडोद्यास नोकरीत होते. त्यांची दृष्टी आधुनिक होती. रसायने आणि कापडाचे रंग यांविषयी त्यांना मोठे कुतूहल होते, आणि देशात नवे उद्योग उभे राहावेत ही त्यांची तळमळ होती. एकाच घरात आईची भक्ती आणि वडिलांची प्रयोगबुद्धी नांदत होती. पुढे विनोबांनी चरखा हाती घेतला तेव्हा या दोन्ही वारशांचा त्यात उपयोग झाला. त्यांचे कातणे उपासनेसारखे नियमित होते आणि प्रयोगशाळेतल्या नोंदींसारखे मोजून-मापून केलेले होते.

बडोद्याच्या शाळेत आणि महाविद्यालयात विनायकाची बुद्धी गणितात विशेष रमे. वाचन अफाट, चालण्याचा नाद दांडगा. परंतु परीक्षेसाठी शिकणे आणि नोकरीसाठी परीक्षा देणे या चाकोरीत त्याचे मन बसेना. एके दिवशी त्याने आपली प्रमाणपत्रे आईच्या चुलीत जाळून टाकली. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईकडे निघालेला हा तरुण सुरतेस गाडीतून उतरला आणि काशीच्या वाटेला लागला. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात गांधीजींनी केलेल्या भाषणाची चर्चा तेथे अजून ताजी होती. ते भाषण वाचून विनायकाने त्यांना पत्र लिहून शंका विचारल्या. उत्तरांती येऊन भेटण्याचे निमंत्रण आले आणि ७ जून १९१६ रोजी तो अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात दाखल झाला. त्या वेळी गांधीजी भाजी चिरीत बसले होते. देशाचा पुढारी हे काम करतो, हे दृश्य त्याला सर्वस्वी नवे होते. त्यालाही एक चाकू देण्यात आला. शब्दांवाचून मिळालेला श्रमाचा तो पहिला पाठ होता. ‘विनोबा’ हे नाव त्याला मिळाले ते याच आश्रमात.

आश्रमाचे कापडाविषयीचे प्रयत्न त्या वेळी अगदी बाल्यावस्थेत होते. गांधीजींनी १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’ लिहिले तेव्हा त्यांनी माग किंवा चरखा प्रत्यक्ष पाहिलेलाही नव्हता. आश्रमात प्रथम आला तो माग. तो चालविणारे कोणी नव्हते, तेव्हा पालनपूरहून एक जाणकार आणला गेला, आणि मगनलाल गांधींनी ती विद्या आत्मसात करून इतरांना शिकविली. विनोबाही विणकाम शिकले. परंतु मागावर चढणारे सूत गिरणीचे होते. हाताने विणायचे आणि सुतासाठी गिरणीच्या तोंडाकडे पाहायचे, ही अडचण लवकरच ध्यानात आली. हातसूत हवे, तर चरखा हवा. आणि चरखा तर गुजरातेतून जवळजवळ नाहीसाच झालेला. १९१७ च्या सुमारास गंगाबेन मजमुदार या धडाडीच्या बाईंची गांधीजींशी गाठ पडली. त्यांनी पुष्कळ शोधाशोध केल्यावर बडोदा संस्थानातील विजापूर येथे अडगळीत पडलेले चरखे आढळले. पेळू पुरविले आणि सूत विकत घेतले, तर कातायला तेथील बायका तयार होत्या. अशा रीतीने माग आधी आणि चरखा मागाहून, या उलट्या क्रमाने आश्रमाची खादी जन्माला आली.

याच काळात विनोबांनी एका वर्षाची रजा घेऊन वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रे यांचे अध्ययन केले. तेथेही हात रिकामे नव्हते. गावकऱ्यांचे धान्य दळून जे पैसे मिळत, त्यांतून विद्यार्थ्यांच्या वाचनालयासाठी पुस्तके घेतली जात. ठरलेले वर्ष भरताच ते आश्रमात परतले. १९१८ च्या साथीत आईचा अंत झाला. संस्कृत गीता तिला कळत नसे, म्हणून ती मराठीत आणण्याची तिची इच्छा होती. ती पुढे १९३०-३१ मध्ये ‘गीताई’च्या रूपाने पुरी झाली.

विनोबांनी जी विद्या हस्तगत केली, तिचा क्रम थोडक्यात पाहणे उचित ठरेल, कारण आजच्या पालकांपैकी अनेकांना तो अपरिचित असेल. कापूस वेचून आणल्यावर प्रथम त्यातील सरकी वेगळी करावी लागते. मग पिंजणाच्या तातीवर रुई पिंजून तिचे तंतू मोकळे करतात आणि त्या पोलाचे बोटाएवढे जाड पेळू वळतात. पेळू नीट नसेल तर कुशल हातालाही चांगले सूत निघत नाही, म्हणून कातणाऱ्याने पिंजणही शिकावे असा आश्रमाचा आग्रह असे. कातताना एका हाताने चाक फिरते आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीतून पेळू मागे ओढला जातो. चात्याच्या टोकाशी पीळ बसून धागा तयार होतो, आणि मग तो चात्यावर गुंडाळला जातो. पीळ कमी पडला तर धागा तुटतो, जास्त झाला तर गाठाळतो. कातलेले सूत फाळक्यावर उतरवतात. चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लट आणि चार लटींची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. एका गुंडीत सुमारे ८५० वार सूत भरते. पुढे विणण्यासाठी ताण्याचे सूत खळ देऊन बळकट करतात, ते फणीतून ओवून मागावर चढवितात, बाण्याच्या कांड्या भरतात, आणि मग धोटा ताण्याच्या दोन पदरांमधून इकडून तिकडे धावू लागतो.

साधा हिशेब केला तरी या श्रमाचे मोल कळते. एका इंचात ताण्याचे ४० आणि बाण्याचे ४० धागे धरले, तर एक चौरस वार कापडाला सुमारे २,९०० वार सूत लागते. म्हणजे साडेतीन गुंड्यांच्या आसपास. एक गुंडी कातायला सरावलेल्या हातालाही साध्या चरख्यावर दोन तास आणि वर थोडा वेळ लागतो. तेव्हा एक चौरस वार कापडाच्या पाठीशी केवळ कातण्याचेच सात-आठ तास उभे असतात. पिंजणे, खळ देणे आणि विणणे हे निराळेच. गणिताची आवड असलेल्या विनोबांच्या मनात हा हिशेब घोळू लागला आणि त्यातूनच त्यांचा पुढचा प्रश्न उभा राहिला.

जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून वर्ध्यास आश्रमाची शाखा काढायचे ठरले आणि तिची धुरा विनोबांवर सोपविण्यात आली. ८ एप्रिल १९२१ रोजी ते वर्ध्यास आले. पुढील आयुष्यात वर्धा आणि तिचा परिसर हेच त्यांचे कार्यक्षेत्र झाले. प्रार्थना, अध्ययन आणि कातणे हा आश्रमाच्या दिनक्रमाचा गाभा होता. देशभरही या दशकात चरख्याची चळवळ जोर धरीत होती. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगाव येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. सभासदत्वासाठी दरमहा २,००० वार सूत देण्याची अट तेथे मान्य झाली. ही अट फार काळ टिकली नाही, परंतु १९२५ मध्ये अखिल भारतीय चरखा संघ स्थापन होऊन खादीकामाला स्वतंत्र संस्था लाभली. १९२७ च्या उन्हाळ्यात प्रकृती ढासळल्यामुळे गांधीजी विश्रांतीसाठी नंदी पर्वतावर आणि नंतर बेंगळुरूच्या कुमारा पार्कमध्ये राहिले. त्या जुलै महिन्यात बेंगळुरूत खादीचे प्रदर्शन भरले होते. म्हैसूर संस्थानात नंजनगुडजवळच्या बदनवाळसारख्या खेड्यांतून खादीची केंद्रे उभी राहिली तीही याच काळात. पुढे ज्या कुमारा पार्कशी विनोबांचे नाव जोडले जावयाचे होते, तेथे चरख्याचा आवाज असा आधीच पोहोचलेला होता.

खादीचा प्रसार होत असताना एक गोष्ट मात्र झाकली जात होती. खादी गिरणीच्या कापडापेक्षा महाग पडते, म्हणून ती शक्य तितकी स्वस्त करावी, असा कार्यकर्त्यांचा प्रयत्न असे. ती स्वस्त होई ती कातणाऱ्या बाईच्या मजुरीतून. शेतीचे काम नसलेल्या दिवसांत काहीच न मिळण्यापेक्षा दोन पैसे मिळतात, हे समर्थन सगळ्यांना पुरेसे वाटत होते. ज्या कामाला आपण राष्ट्राच्या उद्धाराचे साधन म्हणतो, ते दिवसभर करणाऱ्या माणसाचे पोट त्यावर भरते काय, हे स्वतः करून पाहण्याचे विनोबांनी ठरविले.

१९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांची गीतेवरील प्रवचने झाली, आणि ती साने गुरुजींनी लिहून घेतली. सुटकेनंतर वर्षाच्या अखेरीस विनोबा वर्ध्याजवळच्या नालवाडी या दलितवस्तीच्या खेड्यात राहावयास गेले. तेथे त्यांनी आपली उपजीविका कातण्याच्या मजुरीवर चालविण्याचा प्रयोग आरंभिला. दिवसाचे कित्येक तास ते कातीत बसत. तकली आणि चरखा दोन्हींवर त्यांचे प्रयोग चालत. तकली उजव्या हाताने तशीच डाव्या हाताने चालविण्याचा त्यांनी सराव केला. किती वेळात किती तार निघाले, कोणत्या पद्धतीने गती वाढली, सुताचा अंक आणि मजबुती कशी राहिली, याच्या ते नोंदी ठेवीत. कातता कातता शिकविण्याचे कामही चाले.

प्रयोगाचा निष्कर्ष कठोर होता. निष्णात हाताने मन लावून पूर्ण दिवस कातले, तरी चालू दराने मिळणारी मजुरी माणसाच्या साध्या आहारालाही अपुरी पडत होती. मग घरकाम सांभाळून, बेताच्या चरख्यावर कातणाऱ्या खेडुत बाईची अवस्था काय असेल, हे सांगावयास नको होते. उपदेशाने किंवा अहवालाने जे दिसले नसते, ते विनोबांच्या ताटाने दाखवून दिले. गांधीजींनाही या प्रश्नाने अस्वस्थ केले. १९३५ मध्ये चरखा संघाने आपले धोरण बदलून कातणाऱ्यांना निर्वाहापुरती मजुरी देण्याचे तत्त्व स्वीकारले. त्यामुळे खादीच्या किमती वाढल्या आणि खप घटेल ही भीती अनेकांनी बोलून दाखविली. ती अगदीच निराधार नव्हती. तथापि वस्तूची किंमत ठरविताना ती बनविणाऱ्याची भूक हिशेबात धरलीच पाहिजे, हा दंडक एका संस्थेने लेखी मान्य केला, हे लहान यश नव्हते. त्यामागे इतर कारणांबरोबर नालवाडीच्या त्या मूक प्रयोगाचे बळ होते.

या अनुभवाचा दुसरा ओघ शिक्षणाकडे वळला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तिच्यापाठोपाठ डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासक्रम ठरविण्यासाठी समिती नेमली गेली. काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, जे. सी. कुमारप्पा यांच्याबरोबर विनोबाही त्या समितीचे सभासद होते. सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, शिक्षणाचे माध्यम मातृभाषा आणि शिक्षणाच्या केंद्रस्थानी एखादा उत्पादक उद्योग, ही या योजनेची मुख्य सूत्रे होती. तिला ‘नई तालीम’ म्हणतात. मराठी मुलखात तिच्या शाळा ‘मूलोद्योग शाळा’ म्हणून ओळखल्या गेल्या. समितीने सुचविलेल्या साडेपाच तासांच्या शालेय दिवसात उद्योगाला ३ तास २० मिनिटे दिली होती.

विनोबांनी ‘मूलोद्योग कातणे’ या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. कातण्याच्या आधारे प्राथमिक शिक्षण कसे देता येईल, याची त्यात सविस्तर मांडणी आहे. तकलीसारखे साधन मुलाच्या मुठीत मावते, एका आसनाएवढी जागा तिला पुरते आणि तिचा खर्च गरिबालाही झेपतो. तार मोजताना अंकगणित येते. सुताचा अंक काढताना वजन, लांबी आणि त्रैराशिक शिकता येते. कापूस कोणत्या जमिनीत होतो हे विचारताना भूगोलाचे दार उघडते, कापडाच्या व्यापाराची कथा सांगताना इतिहासाचे. आणि धागा तुटला की तो आपल्याच हाताच्या घाईने तुटला हे मुलाला कोणी न रागावता कळते. ज्ञान आणि कर्म यांची फारकत विनोबांना मान्य नव्हती. केवळ डोक्याने शिकलेला वर्ग आणि केवळ हातांनी राबणारा वर्ग अशी समाजाची फाळणी शाळेच्या दारातच होते, आणि ती शाळेच्या दारातच थांबवता येईल, असा त्यांचा विश्वास होता.

या योजनेवर आक्षेपही आले. मुलांनी बनविलेल्या वस्तूंतून शाळेचा खर्च निघावा ही कल्पना अनेक शिक्षणतज्ज्ञांना धोक्याची वाटली, कारण तिच्यामुळे शाळेचे कारखान्यात रूपांतर होण्याचा संभव होता. जेथे शिक्षकालाच उद्योग येत नव्हता, तेथे तकली हा एक रटाळ तास होऊन बसला. आईबापांना आपली मुले इंग्रजी शाळेतल्या मुलांच्या मागे पडतील अशी चिंता वाटे. विनोबांची पद्धत शिक्षकाच्या निष्ठेवर आणि कौशल्यावर उभी होती. ती निष्ठा सरकारी हुकमाने निर्माण होत नसते, हे पुढील काळात स्पष्ट झाले.

१९३८ मध्ये प्रकृती खालावल्यामुळे विनोबा धाम नदीच्या तीरावर पवनार येथे राहावयास आले. १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहासाठी पहिला सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांची निवड केली तेव्हा देशातील अनेकांना हे नाव नवे होते. त्यांचा परिचय करून देताना गांधीजींनी त्यांच्या विद्वत्तेबरोबर त्यांच्या कातण्यातील प्रभुत्वाचाही आवर्जून उल्लेख केला, आणि या कलेत त्यांच्या तोडीचा माणूस देशात क्वचितच असेल असा अभिप्राय दिला. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे विनोबांनी सत्याग्रह केला. पुढे १९४२ च्या आंदोलनात त्यांना दीर्घ कारावास घडला. वेल्लोरच्या तुरुंगात त्यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही दाक्षिणात्य भाषांचा अभ्यास केला. कन्नड शिकताना आईची भाषा त्यांना नव्याने भेटली असेल.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू झाला. पैशाचा आधार न घेता स्वतःच्या श्रमाने अन्न पिकवावे आणि वस्त्र निर्माण करावे, असे त्याचे स्वरूप होते. पुढच्याच वर्षी सर्वोदय संमेलनासाठी ते वर्ध्याहून हैदराबादकडे पायी निघाले, आणि १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे रामचंद्र रेड्डी यांनी भूमिहीन दलित कुटुंबांसाठी १०० एकर जमीन देऊ केली. भूदानाची गंगोत्री मानले गेलेले हे गाव विणकरांचे आहे, आणि आज ते इकत वस्त्रांसाठी जगभर ओळखले जाते, हा योगायोगही लक्षात राहण्याजोगा आहे. त्यानंतरच्या तेरा वर्षांच्या पदयात्रेत चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीची दानपत्रे मिळाली. त्यांतील पुष्कळशी जमीन नापीक निघाली किंवा प्रत्यक्ष वाटली गेली नाही, हेही नोंदविले पाहिजे.

पदयात्रेच्या या पर्वातही सुताचा धागा तुटला नाही. गांधीजींच्या अस्थींचे १२ फेब्रुवारी रोजी पवनारला विसर्जन झाले होते. त्या दिवसाच्या सर्वोदय मेळ्यात प्रत्येकाने वर्षातून स्वतः कातलेली एक गुंडी अर्पण करावी, अशी ‘सूतांजली’ची कल्पना विनोबांनी मांडली. श्रीमंत-गरीब, विद्वान-निरक्षर अशा सर्वांनी सारख्याच मापाने द्यावयाचे ते दान होते. पैशाने ते विकत घेता येत नव्हते.

१९५७ मध्ये पदयात्रा कर्नाटकात आली. २१ आणि २२ सप्टेंबर रोजी म्हैसूरजवळच्या येलवाल येथे ग्रामदानाचा विचार करण्यासाठी परिषद भरली. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद, पंतप्रधान नेहरू आणि निरनिराळ्या पक्षांचे नेते तिला उपस्थित होते. ‘जय जगत्’ हा घोष विनोबांनी दिला तो याच कर्नाटकयात्रेत. त्याच वर्षी हुबळीजवळच्या बेंगेरी येथे कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाची स्थापना झाली. पुढे या संस्थेत राष्ट्रध्वज तयार होऊ लागले. विनोबांचे निष्ठावंत सहकारी वल्लभस्वामी यांच्या स्मरणार्थ १९६५ मध्ये बेंगळुरूचे ‘वल्लभ निकेतन’ उभे राहिले. गागोद्याला जन्मलेल्या आणि वर्ध्याला आयुष्य वाहिलेल्या या मराठी माणसाच्या कार्याचा एक खांब अशा रीतीने आईच्या कर्नाटकात रोवला गेला.

उत्तरायुष्यात विनोबा पवनारला स्थिरावले. १९५८ मध्ये सामूहिक नेतृत्वासाठी पहिला रेमन मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळालेला होता. आणीबाणीच्या काळातील त्यांच्या भूमिकेवर कठोर टीका झाली आणि त्यांचे काही जुने सहकारी दुरावले. नोव्हेंबर १९८२ मध्ये आजारपणात त्यांनी अन्न, पाणी आणि औषध यांचा त्याग केला. १५ नोव्हेंबर रोजी पवनार येथे त्यांचे निधन झाले. १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर ‘भारतरत्न’ देण्यात आले.

चरखा गिरणीला आणि यंत्रमागाला हटवू शकला नाही. मूलोद्योग शाळाही कालांतराने सर्वसाधारण शाळा झाल्या आणि तकली कार्यानुभवाच्या तासापुरती उरली, मग तेथूनही गेली. यशापयशाच्या रूढ मापाने पाहता विनोबांच्या या कामाच्या खात्यावर फारसे जमा दिसणार नाही. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न जुना झालेला नाही. हातमागाचे वस्त्र आज शहरात मानाने आणि मोठ्या किमतीला विकले जाते. ते विणणाऱ्याच्या आणि कातणाऱ्याच्या हाती त्यातले किती पोहोचते, हे विचारण्याचा अधिकार विनोबांनी नालवाडीत कमावला होता. दुसऱ्याला श्रम करावयास सांगणाऱ्याने त्या श्रमाच्या मजुरीवर आधी स्वतः जगून पाहावे, ही त्यांची कसोटी होती.

शाळांपुरते बोलावयाचे तर त्या वर्धा योजनेतील दोन सूत्रे येथे विशेष जवळची वाटावीत. एक मातृभाषेतून शिक्षण, दुसरे हाताला काम. पहिले सूत्र महाराष्ट्राबाहेर, कन्नड मुलखातील या महानगरात मराठी शाळा चालविणाऱ्यांनी चिकाटीने जपले आहे. दुसरे जपण्यासाठी फार काही लागत नाही. एक तकली, मूठभर पेळू आणि शिकविणाऱ्याला स्वतःला कातता येणे एवढे पुरते. पहिल्या दिवशी मुलाचा धागा वीतभरही निघणार नाही. तो पंधरा-वीस वेळा तुटेल. महिन्याभरात एक लट पुरी होईल. आपल्या अंगावरच्या सदऱ्यात असे किती तार असतील, हे त्यानंतर ते मूल आपणहून मोजू लागेल.